पट्ट्याची खुर्ची

बोईसर, ३ नोव्हेंबर २०२५

धीरज,

तू बायसाठी पाठवलेल्या खुर्चीची खरी किंमत आधी मांडतो. बिलावरचा आकडा तू भरलास, तो सोडून दे. त्यावर जे लागलं ते असं. बायचं दुपारचं जेवण निम्म्यावर आलं. संध्याकाळी डाव्या पायाला सूज येते. माकडहाडापाशी रुपयाएवढा लाल डाग उठलाय, बोटानं दाबला तरी पांढरा होत नाही. कमरेच्या पट्ट्याची कडी ओढून ओढून दोन नखं तुटली. समोरच्या खोलीतल्या गोजराबाईंशी दारातून चालायच्या त्या गप्पा संपल्या, कारण खुर्चीचं तोंड खिडकीकडं आणि बायला ती फिरवता येत नाही. तारापूरच्या एमआयडीसीत मी उभं आयुष्य काढलं, पण एवढी महाग खुर्ची कुठल्या मालकाच्या केबिनमध्येही पाहिली नाही.

तू माझा फोन घेत नाहीस. ठीक आहे. दीपिका सिस्टरचा घेतोस, म्हणून मी कागदावर लिहितो आणि ती फोटो काढून तुला मस्कतला पाठवते. ती म्हणाली, "मामा, टाइप करून देऊ का?" मी म्हटलं, नको. टाइप केलेलं तो एका नजरेत वाचून पुसून टाकेल. माझं अक्षर लावायला त्याला वेळ लागेल, तेवढा वेळ तरी बसेल माझ्यापाशी.

तुझ्या सासुरवाडीत मी चारचौघांत जे बोललो ते तुला पाठ आहे आणि मलाही. बायला, तुझ्या आईला, या वृद्धाश्रमात ठेवल्याबद्दल तुला बोललो आणि त्याच वर्षी मीच बाडबिस्तरा घेऊन इथं आलो, यावर तुम्ही दोघं नवराबायको हसला असाल. हसून घ्या. पण मी राहायला आलेलो नाही, लक्ष ठेवायला आलोय. माझ्या घरी गॅस चालू राहिल्याची जी गोष्ट तुझ्यापर्यंत पोचली असेल, ती शेजाऱ्यांनी वाढवून सांगितलेली आहे.

घर वाईट नाही, हेही लिहितो. जेवण गरम असतं. संडास-बाथरूममध्ये धरायला दांडे आहेत, फरशी घसरत नाही. औषधाच्या पुड्या नावानिशी येतात. मॅनेजर विपुल पोरगा मेहनती आहे, फक्त घाबरट आहे. कुणी पडलं की त्याचं तोंड पांढरं होतं. तुला तर माहीत आहे, मी पंपाच्या बेअरिंगला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावून मूठ कानाला लावायचो आणि बेअरिंग किती दिवस चालेल ते सांगायचो. इथंही माझे कान चालूच असतात. औषधाच्या गाडीचं पुढचं चाक कुरकुरतं, राहीबाईची डावी चप्पल घासते, डॉक्टर येणार असले की विपुल जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढतो. मी लिफ्टनं जातो. लिफ्ट आहे तर वापरावी.

मुद्द्याचं लिहितो. ऑफिसातून तुला चारदा कळवलं की आई पडली, म्हणून तू ही खुर्ची पाठवलीस आणि पट्टा लावायला संमती दिलीस. आता बाय पट्टा ओढते, ओरडते. म्हणून गुरुवारी डॉक्टर तिला शांत राहण्याची गोळी सुरू करायचं म्हणताहेत. ऑफिस तुझी संमती मागेल. माझं एवढंच म्हणणं, ती एवढ्यात देऊ नको.

मामा

ता.क. मला एक गोष्ट खटकते. ती चारदा पडली तेव्हा मी भिंतीपलीकडच्या खोलीत होतो. मला एकदाही काही ऐकू आलं नाही.


बोईसर, ७ नोव्हेंबर २०२५

धीरज,

तुझा अंगठा आला. दीपिकानं मला फोनवर दाखवला, पिवळा. मी विचारलं, याचा अर्थ काय? ती म्हणाली, वाचलं असा. मी म्हटलं, की पटलं असा? ती म्हणाली, मामा, अंगठ्याला काही विचारता येत नाही. पण गोळीवर तू डॉक्टरांना "थांबा" म्हणालास असं विपुल म्हणाला. तेवढं मला पुरे.

आता ऐक. बुधवारी सकाळी आंघोळीनंतर राहीबाईनं बायला खाटेवर बसवलं आणि ती टॉवेल आणायला गेली. राहीबाई म्हणजे विक्रमगडकडची मावशी, बायचं सगळं तीच करते. मी माझ्या खोलीत पेपर धरून बसलो होतो. भिंतीतून आवाज यायला लागले.

पडण्याचा आवाज एकच असतो. पोतं टाकावं तसा. त्याच्या आधी काही नसतं आणि नंतर आरडाओरडा तरी असतो नाहीतर चिडीचूप. मला आला तो असा: खाटेच्या लोखंडावर तळहात टेकला. मग गुडघा वाजला, कट्ट. मग जरा दम घेतला. मग लुगडं सळसळलं, म्हणजे काष्टा सावरला. आणि मग "हुश्श." पडणारं माणूस काष्टा सावरत नाही, धीरज.

मी जाऊन दार उघडलं. बाय जमिनीवर बसलेली. पालघरच्या बाजारात मासळी घेऊन तिच्या जागेवर बसायची तशीच, एक गुडघा वर, एक आडवा. समोर कपाटातले हात पुसायचे रुमाल मांडलेले. एक मोठा, त्यावर चार लहान. पुन्हा एक मोठा, त्यावर चार लहान. वाटे लावले होते. डोकं ठिकाणावर आहे तिचं, काळजी करू नको. मला बघून म्हणाली, "काय रं, घेतंस? ताजं हाय."

मी विचारलं, "बाय, तू पडलीस?"

"बसले."

"मग त्या दिवशी? आणि त्याच्या आधी?"

"तवा पन बसले. खाटेवर लटकून किती बसायचं? पाय अधांतरी. माजं कंबर खाली टेकल्याबिगर मोकलं होत नाय."

"मग सांगायचं ना त्यांना."

"सांगतेय ना. रोज सांगते, पडले नाय, बसले. ती पोरगी मान हलवते, पाठीवरून हात फिरवते, न् दोगांना बोलवून मला उचलून वर ठेवते."

यात दीपिकाची चूक काढू नको. ती हा कागद वाचणारच आहे, म्हणून तिच्या तोंडावर लिहितो. म्हातारं माणूस पडलं की पहिल्यांदा "मी पडलो नाही" हेच म्हणतं. इथले सगळे म्हणतात. वरच्या मजल्यावरचे खंडेराव पाटील बाथरूममध्ये पडले, कपाळाला टेंगूळ आलं, तरी म्हणत होते, साबण शोधत होतो. मग बायचं कोण खरं मानणार? मलासुद्धा बायनं दोनदा सांगितलं होतं. मी त्यावर "असू दे, असू दे" म्हटलं होतं.

मी विपुलकडं गेलो. म्हटलं, ती पडत नाही, बसते.

तो म्हणाला, "काका, माणूस जमिनीवर दिसला आणि कसा गेला ते कुणी पाहिलं नसेल, तर पडला असंच धरायचं. सगळीकडं हाच नियम आहे."

"नियम बरोबर आहे. पण बसला असेल तर?"

"आता जमिनीवर कोण बसतं, काका?"

मी त्याला खिडकीपाशी नेलं. खाली मागच्या ओट्यावर राहीबाई आणि स्वयंपाकघरातल्या दोघी जेवत होत्या. तिघीही उकिडव्या. त्यानं खाली वाकून बघितलं. मग म्हणाला, "पण त्या म्हाताऱ्या नाहीत." मी म्हटलं, होतील ना.

त्याला घेऊन सोमवारी माझ्या खोलीत बसतो. त्यालाच ऐकू दे.

मामा


बोईसर, १४ नोव्हेंबर २०२५

धीरज,

या वेळी अंगठाही आला नाही. विपुलनं तुला कालचं कळवलं असेल. त्याचं ऐकलंस, आता माझं ऐक.

सोमवारी मी विपुल आणि दीपिका दोघांना माझ्या खोलीत भिंतीशी बसवलं. राहीबाईनं बायचा पट्टा सोडला आणि तिला खाटेवर बसवून ती दाराआड उभी राहिली. आम्ही तिघं भिंतीला कान लावून. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर घराची शोभा झाली असती. तळहात आला. गुडघा आला. सळसळ आली. हुश्श आलं. विपुल दचकून उठायला लागला तर दीपिकानंच त्याचा हात धरला आणि म्हणाली, "सर, बसल्या त्या."

आत गेलो तर वाटे लागलेले. बायनं विपुलला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "दोनशेचा वाटा. घासाघीस नाय. तुज्यासारके लय बगितले, हात लावून जातात."

विपुलनं खिशातून दोनशेची नोट काढली. पोरगा घाबरट आहे, पण वाईट नाही.

तिथंच त्यानं मला विचारलं, "काका, हे तुमच्याकडं सगळ्यांनाच जमतं का?" मी म्हटलं, आम्हा मुरबे गावच्या लोकांची कंबरच खाली बसून घडलेली. बाप जाळं विणायचा ते खाली बसून, आई बोंबील साफ करायची ती खाली बसून. मी आजही हात न टेकता खाली बसतो आणि हात न टेकता उठतो. तो म्हणाला, "दाखवा ना." मी म्हटलं, आज पँट इस्त्रीची आहे.

काल डॉक्टर आले, त्यांच्याबरोबर व्यायाम शिकवणाऱ्या बाई. डॉक्टरांनी सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "मान्य. त्या पडत नव्हत्या. पण खाली बसल्यावर त्यांना आपलं आपण उठता येतं का? तेवढं दाखवा, पट्टा काढतो." सरळ बोलणं होतं. मला आवडलं.

बाय छान बसली. सगळ्यांकडं बघून हसलीसुद्धा. मग डॉक्टर म्हणाले, आता उठा. तिनं खाटेचं लोखंड धरलं, गुडघ्यावर आली आणि तिथंच अडकली. मांड्या थरथरायला लागल्या. पुन्हा जोर केला. पुन्हा तेच. चेहरा लाल झाला. शेवटी विपुल आणि दीपिकानं काखेत हात घालून वर घेतली. डॉक्टर म्हणाले, "मग धोका आहेच ना, काका."

उत्तर बायनं दिलं. धापा टाकत ती डॉक्टरांना म्हणाली, "महिनाभर बांदून ठेवलंय, न् आता पाय मागतंस?"

डॉक्टरांनी तिच्या पोटऱ्या दाबून पाहिल्या. मग त्यांनी व्यायामवाल्या बाईंना विचारलं, "किती दिवसांत परत येईल ताकद?" त्या म्हणाल्या, रोज करून घेतलं तर तीनेक आठवडे, पण पट्टा लावून बसवलं तर कधीच नाही. म्हणजे गोष्ट अशी आहे: पट्टा ठेवला तर पाय जाणार. पाय आणायचे तर पट्टा काढायचा, आणि पाय येईपर्यंत ती खरोखर पडू शकते. ही जोखीम विपुल घेणार नाही. त्याला तुझी संमती लागणार. डॉक्टरांनीही सांगितलं, मुलानं ठरवायचं.

काल दुपारपासून बाय खिडकीकडं तोंड करून बसली आहे. पट्टा ओढत नाही. ओरडत नाही. विपुलला वाटतंय ती आता शांत झाली. मला हा आवाज ओळखीचा आहे. मोटर बंद पडायच्या आधी अशीच शांत चालते.

मामा


बोईसर, १६ नोव्हेंबर २०२५

धीरज,

तू दीपिकाच्या फोनवर जे बोलून पाठवलंस ते तिनं मला बाहेर जिन्यापाशी नेऊन ऐकवलं. वर्षभरानं तुझा आवाज ऐकला. सर्दी झालीय तुला.

तू म्हणालास, "मामा, तुम्ही तिथं आहात, मी इथं आहे. फोनवर त्या ऑफिसचं नाव दिसलं की माझा हात गार पडतो. मुरब्याला ओट्यावरून पडून तिचं मनगट मोडलं तेव्हा मी तीन दिवसांनी पोचलो. बांधलेली असली तर ती जागेवर आहे एवढं तरी मला माहीत असतं. उद्या सोडली आणि पडली तर तुमची जबाबदारी का?"

मी ते पुन्हा ऐकलं. आता उत्तर देतो, नीट.

ती पडणार नाही असं मी लिहून देत नाही. कुणीच देऊ शकत नाही. जो देईल तो तुला दुसरी खुर्ची विकायला आला आहे असं समज. ती सत्त्याहत्तर वर्षांची आहे. पट्ट्यात ती पडू शकत नाही हे खरं. पण पट्ट्यानं ती खाली बसायची थांबली, गोजराबाईंशी भांडायची थांबली, जेवायची थांबत आली. पंप जळू नये म्हणून तो बंदच ठेवणारे मालक मी पाहिलेत. पंप शाबूत राहतो, शेत जातं.

तुझी भीती खोटी नाही. म्हणून मी नुसतं "सोडा" म्हणत नाही. विपुलशी बसून ठरवलंय ते असं. तिच्या खाटेचे पाय कापून खाट खाली घ्यायची, बायचे पाय जमिनीला टेकतील एवढी. खाटेच्या दोन्ही बाजूंना जाड गादी अंथरायची. भिंतीला दोन दांडे, एक गुडघ्याच्या उंचीला, एक कमरेच्या, म्हणजे उठताना पायरी पायरीनं हात वर जाईल. बाथरूममध्ये सगळे उभ्या माणसाच्या मापाचे दांडे लावतात, बसलेल्या माणसाचा विचार कुणी करत नाही. माझ्या वर्कशॉपवर आता जितेश बसतो, तो वेल्डिंग करून देतोय. सकाळ-संध्याकाळ व्यायाम. व्यायाम चालू असताना राहीबाई किंवा दीपिका हाताच्या अंतरावर. इतर वेळी बाय खाली बसलेली दिसली तर उचलायचं नाही, आधी विचारायचं, "बसलात का?" आणि तिचं उत्तर खरं मानायचं.

जबाबदारी विचारलीस. माझी आहे. पण माझ्या जबाबदारीनं तुझा हात गरम होणार नाही हेही मला कळतं. तिचा मुलगा तू आहेस. मी तुला त्या दिवशी जे नाही ते बोललो, पण या घरातल्या किती जणांची मुलं ऑफिसच्या फोनला दुसऱ्या घंटेला उचलतात ते मी कानानं ऐकलंय. तू उचलतोस.

अंगठा पाठवू नको. हो किंवा नाही, शब्दात सांग. बायला मी अजून काही बोललो नाही. आशा लावून मग मोडायची हे मला जमणार नाही.

मामा


बोईसर, ५ डिसेंबर २०२५

धीरज,

मधे पत्र लिहिलं नाही कारण तुझा "हो" आल्यापासून इथं कुणालाच सवड नव्हती. आता सगळं क्रमानं सांगतो.

जितेशनं दांडे बसवले त्या दिवशी ड्रिलचा आवाज ऐकून खंडेराव खाली आले आणि म्हणाले, "आम्हाला नाही का?" आता त्यांच्या खोलीतही बसवायचेत. खाटेचे पाय कापले तर बायनं पाय जमिनीला टेकवून बघितले, दोनदा आपटले आणि म्हणाली, "आता कशी मानसाची खाट झाली."

पहिला आठवडा वाईट गेला. मांड्या साथ देईनात. बाय राहीबाईला शिव्या घालायची, राहीबाई तिला. "उठ गं म्हातारे, मला बाकीची पन कामं हायत." "तुजी कामं कर जा, माजे पाय माजे हायत." पण यात ताकद येत होती. मी बाजूला खुर्ची टाकून बसायचो आणि दोघींना चेव आणायचो.

आणि वीस तारखेला ती पडली. खरोखर पडली. दांड्यावरून हात सुटला आणि एका अंगावर गादीवर गेली. या वेळी मला भिंतीतून एकच आवाज आला आणि तो काय होता ते मला लगेच कळलं. कोपर सोलवटलं, बाकी काही नाही. विपुलनं तुला फोन केला तेव्हा मी तिथंच होतो. फोन लागेपर्यंत मी मनात तयारी केली होती. तू "पट्टा लावा" म्हणाला असतास तर मला तोंड उघडायला जागा नव्हती. विपुलनं फोन स्पीकरवर टाकला होता. तू विचारलंस, "लागलं का?" तो म्हणाला, कोपराला थोडं. मग म्हणालास, "ती काय म्हणते?" विपुलनं बायला विचारलं. ती म्हणाली, "सांग त्याला, आज पडले. आज बसले नाय." आणि तू हसलास. मग म्हणालास, "ती खरं बोलतेय. चालू ठेवा."

धीरज, मी आयुष्यात बऱ्याच मालकांशी सौदे केले. असं बोलणारा मालक मला एकही भेटला नाही. पुढं लिहीत नाही, दीपिका वाचते आहे.

काल गुरुवार. डॉक्टर आले. बाय बसली, खालचा दांडा धरून गुडघ्यावर आली, वरच्या दांड्यावर हात नेला आणि उठून उभी राहिली. डॉक्टर म्हणाले, "पुन्हा?" बाय पुन्हा बसली आणि उठली. तिसऱ्यांदा तिनं डॉक्टरांनाच सांगितलं, "आता तू करून दाखव." डॉक्टरांनी आपलं पाकीट आणि फोन टेबलावर काढून ठेवला, खाली बसले, आणि त्यांनाही दांडा धरूनच उठावं लागलं. विपुल इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. पट्टा काढून टाकला. माकडहाडाचा डाग फिका झालाय, व्यायामवाल्या बाई म्हणाल्या, आता तिथली कातडी वाचली.

खुर्ची फुकट गेली नाही. पट्टा कापून ती पुढच्या दारी ठेवली आहे, तिच्यावर वॉचमन बसतो. त्याच्या आनंदाला पारावार नाही.

बाय आता दुपारी मागच्या ओट्यावर बायकांत बसते. स्वयंपाकघराला सुका जवळा निवडून देते, त्यातला कचरा न् काड्या बोटानं अशा वेचते की बाकीच्या दोघी नुसत्या बघत राहतात. वासाची तक्रार खंडेरावांनी केली. दुसऱ्या दिवशी त्यांनीच जवळ्याची चटणी मागून घेतली. गोजराबाईंना चाकाच्या खुर्चीतून ओट्यापाशी आणतात, त्या वरून सूचना देतात आणि बाय एकही ऐकत नाही. जेवण पूर्ण जातं. कधी दुसऱ्यांदा भातही.

सकाळी दीपिकानं तुला व्हिडिओवर लावून दिलं तेव्हा मी मुद्दाम बाजूला सरलो होतो. पण कान काही बाजूला सरत नाहीत. तू विचारलंस, "बाय, काय भाव?" ती म्हणाली, "तुला नाय इकायचं. तू येऊन ने." तू म्हणालास, मार्चमध्ये येतो. मग विचारलंस, "मामा कुठं हाय?" मी पुढं येईपर्यंत नेट गेलं. हरकत नाही. मार्च काही लांब नाही.

मामा


बोईसर, १५ डिसेंबर २०२५

धीरज,

शनिवारी तू माझ्या फोनवर फोन केलास. दीपिकाच्या नव्हे, माझ्या. एवढं बोलणं झाल्यावर पत्राचं काही कारण उरत नाही, पण हात बसलाय आता. शिवाय फोनवर तू विचारलंस, "मामा, तुम्ही तिथं बरे आहात ना?" आणि मी विषय बदलला. तर बरा आहे. इथून जायचा विचार नाही. गॅसची गोष्ट शेजाऱ्यांनी फारशी वाढवली नव्हती.

विपुलनं आता नवा पायंडा पाडलाय. नवीन माणूस दाखल झालं की इतर प्रश्नांबरोबर एक प्रश्न विचारतो: घरी तुम्ही कुठं बसत होता? कुणी म्हणतं झोपाळ्यावर, कुणी उंबऱ्यावर, एका आजीनं सांगितलं चुलीपुढं. त्याप्रमाणं जागा बघतो. परवा केळव्याहून एक आजोबा आले, ते म्हणाले, मी बसतच नव्हतो, येरझाऱ्या घालायचो. विपुलनं त्यांच्यासाठी व्हरांडा मोकळा केला, वाटेतल्या कुंड्या उचलून एका बाजूला लावल्या. घाबरतो अजून, पण आता घाबरून आधी विचारतो.

काल रविवार, मासळीचा दिवस. बोंबील होते, ताजे, रवा लावून तळलेले. बायनं हुकूम सोडला की आज सगळ्यांनी ओट्यावर खाली बसून जेवायचं. ज्यांना जमतं त्यांनी. राहीबाईनं सतरंजी टाकली. विपुल आला, दीपिका आली. मला बाय म्हणाली, "कमल्या, खुर्चीत बसून किती दिस माजा मुकादम होनार? ये खाली." आता सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार? गेलो खाली. बसताना काही झालं नाही.

जेवण झक्क झालं. बायनं स्वयंपाकिणीला सांगितलं, बोंबील चांगले पण साफ करणारीला लग्न होईपर्यंत शिकायला वेळ आहे. स्वयंपाकीण म्हणाली, "बाय, मला नातवंडं हायत." सगळे हसले. ऊन ओट्यावरून खाली उतरेपर्यंत आम्ही तसेच बसून होतो. तुझ्या लहानपणच्या गोष्टी निघाल्या, त्या मार्चमध्ये तू आलास की तुझ्या बायकोसमोर सांगणार आहे.

मग बायनं ओट्यावर जितेशनं बसवलेला दांडा धरला आणि ती उठली, ताट घेऊन मोरीकडं गेली.

मला उठवायला दोघं लागले.

मामा